म्हणे, अडाणी म्हणून जातात!

पुरावा समोर असताना लोक देवाकडे का धावतात? बोरीवलीत सोसायटीच्या मीटिंगपासून चर्चगेट फास्टच्या डब्यापर्यंत उत्तर एकच: ‘अडाणीपणा, दुसरं काय!’ ऐकून ऐकून कान किटले.

21 सप्टेंबर 1995 आठवा. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. त्यात काय फक्त निरक्षर होते? ऑफिसला दांडी मारून साहेबलोकही वाटी-चमचा घेऊन उभे होते. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं: चमचा सोंडेला टेकवून कलता केला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. शाळेतलं विज्ञान. रांगेतले अनेक जण ते शिकून, पेपर लिहून मोकळे झालेले!

जुलै 2023मध्ये चांद्रयान-3 उडण्याआधी इस्रोचे शास्त्रज्ञ यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले. म्हणा आता त्यांना अडाणी. इंधनाचं गणित काही त्यांनी बालाजीवर सोडलं नव्हतं.

खरी मेख इथेच आहे. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले लोक शांत, उथळ खाडीत मासे धरताना मंत्रबिंत्र म्हणत नसत. खुल्या समुद्रात जाताना मात्र साग्रसंगीत विधी. मासेमारीचं ज्ञान दोन्हीकडे तेवढंच, भरवसा मात्र एकीकडेच. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारा कोळीही हवामान खात्याचा इशारा ऐकतो, डिझेल मोजून भरतो. दर्यावर आपलं काही चालत नाही, तेवढ्यापुरता नारळ.

आजाराचंही तेच. गाठ कशी झाली हे डॉक्टर सांगतात. ‘माझ्याच पोराला का?’ याचं उत्तर रिपोर्टात नसतं. ‘योगायोग’ म्हटलं तर आईचं समाधान होत नाही. म्हणून केमोही चालू राहते आणि नवसही. यात मला आक्षेपार्ह काही दिसत नाही. नवसासाठी केमो थांबवा म्हणणारा भेटला, की मात्र माझं डोकं फिरतं.

बाकीचे गैरसमज झटपट. ‘हे सगळं हिंदूंतच चालतं’: 2012मध्ये आपल्याच पश्चिम उपनगरात, इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रुसावरून पाणी ठिबकू लागलं, तेव्हाही गर्दी झाली. तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढतंय, असं बुद्धिवादी सनल एडामारुकूंनी दाखवलं. त्यांच्यावर पोलिसांत तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. ‘ग्रहणात अन्न बिघडतं’: सावलीने नाही बिघडत, फ्रिजबाहेर राहिल्याने बिघडतं. ‘2013चा जादूटोणाविरोधी कायदा देवधर्मावर उठलाय’: वाचलाय कुणी? यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्यात स्पष्ट सूट आहे. गुन्हा आहे तो साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसण्याचा.