एंजिनाच्या तळाची साक्ष : जुन्या फियाटच्या ऑईल-चेंबरची निगा

मोटारीच्या वंगणव्यवस्थेचा विचार करताना तेल, पंप आणि गाळणी यांची जितकी चर्चा होते, तितकी एंजिनाच्या तळाशी बसविलेल्या तेलाच्या कुंडीची होत नाही. ग्रंथांत तिला 'संप' म्हणतात; आपल्याकडील कारागीर तिला 'चेंबर' म्हणतात, व तोच शब्द आपण येथे वापरू. वरवर पाहता हे चेंबर म्हणजे केवळ पत्र्याची एक परात होय. परंतु एंजिनात जे जे झिजते, जळते वा गळते, त्याचा अंश शेवटी याच परातीत येऊन बसतो. म्हणून चेंबर उघडणे म्हणजे केवळ घाण काढणे नव्हे, तर एंजिनाची जबानी घेणे होय. ही जबानी न घेताच चेंबर धुऊन टाकण्याची जी सर्वसाधारण चाल आहे, तिच्यामुळे अनेक चांगली एंजिने अकारण निकामी होतात.

उदाहरणासाठी आपण महाराष्ट्रास परिचित असलेले एंजिन घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात बनलेल्या फियाट ११०० व पुढे 'पद्मिनी' या गाड्यांचे एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे असे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर ही त्याची मापे १९३७ च्या इटालियन फियाट ११०० पासून चालत आलेली आहेत. मुंबईच्या टॅक्सीत आयुष्य काढलेल्या या एंजिनाचे कुळ शर्यतीचेही आहे. पिएरो दुसिओ यांच्या 'चिसितालिया' कंपनीने १९४६ साली याच फियाट एंजिनावर आधारलेली डी ४६ ही लहान शर्यती गाडी काढली. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारी यांनी याच कुळातील एंजिनाच्या चिसितालिया गाडीत दुसरा क्रमांक मिळविला.

शर्यतीसाठी या एंजिनात जे फेरफार झाले, त्यांपैकी एक चेंबराच्या कार्यावर चांगला प्रकाश टाकतो. गाडी वेगाने वळली की चेंबरातील तेल वळणाच्या बाहेरील बाजूस सरकते. वळतानाचे प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्मे झाले, तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी कलतो. अशा वेळी पंपाचे तोंड उघडे पडल्यास पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि बेअरिंगवरील तेलाचा पापुद्रा क्षणात तुटतो. म्हणून डी ४६ मध्ये तळाशी तेल साठविण्याची पद्धतच सोडून दिली होती. खाली आलेले तेल लगेच उपसून निराळ्या टाकीत साठविले जाई. आपल्या रस्त्यावरील फियाटमध्ये मात्र साठवण, थंडावा आणि गाळ बसविणे ही तिन्ही कामे चेंबरालाच करावी लागतात. चेंबरातील तेलाची पातळी खुणेवर ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

आता गाळ कसा होतो ते पाहू. एक लिटर पेट्रोल जळले असता सुमारे एक लिटर पाणी उत्पन्न होते. त्यातील बहुतेक भाग वाफेच्या रूपाने धुरांड्यातून निघून जातो. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली उतरते. एंजिन पुरेसे तापले तर ही वाफ बाहेर पडते. गाडी आठवड्यातून एकदा बाजारापुरती नेऊन आणली, तर ती चेंबरात पाणी होऊन राहते. पाणी, काजळी, जुने झालेले तेल आणि धूळ यांचा मिळून जो काळा चिकट लेप होतो, तोच गाळ. यावरून दिसेल की कमी चाललेली गाडी ही नेहमीच कमी बिघडलेली गाडी नसते.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे अशा विचारासाठी योग्य ठिकाण आहे. वणी-करंजी मार्गावरील या तालुक्याच्या गावाभोवती कापसाची काळी जमीन आहे. जवळच वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. उन्हाळा अतितीव्र असून रस्त्यावर धूळ भरपूर. अशा गावी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली एखादी पद्मिनी पुन्हा चालू करावयाची झाली, की मालक नवे उत्तम तेल आणतो, जुने सोडतो आणि गाडी सुरू करतो. येथेच धोका आहे. आजच्या तेलांत मळ सोडवून तो तरंगत ठेवणारी रसायने असतात. गुण म्हणून ती उत्तमच. परंतु अनेक वर्षांचा वाळलेला गाळ त्यांच्यामुळे ढिला होऊन तुकड्यातुकड्यांनी सुटतो, आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. तेल नवे आणि पातळी योग्य असूनही बेअरिंगला तेल पोचत नाही. सबब ज्या एंजिनाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, त्यात नवे तेल घालण्यापूर्वी चेंबर उतरविलेच पाहिजे.

काम आरंभण्यापूर्वी जागेचा विचार करावा. काळी माती पावसात लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीवर जॅक कधीही विश्वासार्ह नाही. फरशी नसल्यास जाड सागवानी फळ्या अंथराव्या, चाकांना अटकाव द्यावा आणि गाडी मजबूत घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधाराने उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. बॅटरीची तार सोडावी. तेल कोमट असता खालचे बूच काढून ते संथपणे, स्वच्छ भांड्यात सोडावे, म्हणजे काय येते ते दिसेल. बोल्ट सर्व बाजूंनी थोडेथोडे सैल करावे. पॅकिंग चिकटलेले असल्यास लाकडी हातोडीने बाजूस हलके ठोकावे. फटीत पेचकस घालून उचकटू नये, कारण त्याने चेंबराची कड वाकते व ती पुढे कायमची गळते.

चेंबर हाती आले की ते तत्काळ धुऊ नये. प्रथम साक्ष घ्यावी. तेल दुधाळ असेल तर पाणी आहे : साचलेल्या वाफेचे, किंवा हेडचे पॅकिंग फुटून आलेले. तेल पातळ असून त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल-पंपाचा पडदा तपासावा. तो फाटल्यास पेट्रोल थेट चेंबरात उतरते. न भरताच तेलाची पातळी वाढलेली दिसणे हे शुभचिन्ह नव्हे. गाळ दोन बोटांत चोळला असता खरखरला, तर हवेच्या गाळणीतून धूळ आत येत आहे. नंतर गाळावर लोहचुंबक फिरवावे. चुंबकास चिकटणारे कण लोखंड वा पोलाद यांचे असून ते रिंगा, सिलिंडर वा कॅमशाफ्ट यांची झीज सांगतात. न चिकटणारी पांढुरकी चकाकती पापडी बहुधा बेअरिंगच्या वरच्या मऊ धातूची असते. तांबूस कण दिसल्यास झीज त्याखालच्या थरापर्यंत पोचली असे समजावे. अशी पापडी सापडली असता चेंबर पुन्हा बसविण्याची घाई करू नये, बेअरिंग उघडावे. या एंजिनाच्या क्रँकशाफ्टास तीनच मुख्य बेअरिंगे असतात. एक गेले की इतरांवरील भार वाढतो.

साक्ष घेऊन झाल्यावर चेंबर व पंपाची जाळी रॉकेल अथवा डिझेल यांनी ब्रशाने स्वच्छ करावी आणि पूर्ण सुकू द्यावी. पुसण्यासाठी कापसाचे वेस्ट वापरू नये. कापसाच्या मुलखात ही सूचना विचित्र वाटेल. पण त्याचे सुटे तंतू जाळीत अडकून गाळाइतकेच घातक ठरतात. धागे न सुटणारे, धुवट सुती कापड घ्यावे. चेंबराची कड सपाट काचेवर पालथी ठेवून तपासावी; बोल्टांच्या छिद्रांभोवतीचे उंचवटे लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने बसवावे.

पॅकिंग बुचाचे असल्यास ते सुकून आखडलेले असते. थोडा वेळ पाण्यात भिजविले की छिद्रे जुळतात. चिकटविण्याचा लेप पातळ लावावा, कारण आत निघालेला जादा लेप सुटून जाळीवरच जाऊन बसतो. बोल्ट मध्यापासून टोकांकडे, समोरासमोर, दोनतीन फेऱ्यांत आवळावे. गळती थांबावी म्हणून पाना जोराने ओढण्याची सवय फार दिसते. तिने बूच चिरडते, पत्रा वाकतो आणि गळती उलट वाढते.

तेल भरल्यावर कॉइलची बारीक तार सोडून, ठिणगी न देता, एंजिन स्टार्टरवर थांबून थांबून फिरवावे. तेलाच्या दाबाचा दिवा मालवला की मगच तार जोडून एंजिन सुरू करावे. पंप कोरडा पडल्यामुळे दिवा न विझल्यास एंजिन सुरू करू नये. पंपात तेल भरून पुन्हा प्रयत्न करावा.

राहिला प्रश्न काढलेल्या तेलाचा. लाकडास वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची किंवा सरळ कुंपणाशी ओतण्याची रीत गावोगाव आहे. काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगांतून ते खोल उतरते, आणि विहिरी तेथेच असतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा असून ते अधिकृत पुनर्प्रक्रियकाकडे जावयास हवे. घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी ते घेणाऱ्याकडे पोचविणे फारसे कष्टाचे नाही.

शतक पालटण्याच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ही एंजिने हाताखालून गेलेले कारागीरही विरळ होत आहेत. म्हणून चेंबर उघडल्याची तारीख, गाडीचे धावलेले अंतर आणि तळाशी काय सापडले, या तीन गोष्टी एका वहीत लिहून ती गाडीतच ठेवावी. पुढे ज्याच्या हाती ती गाडी जाईल, त्यास एंजिनाची विचारपूस पहिल्यापासून करावी लागणार नाही.