बोटीच्या इंजिनामागची धार

बोटीच्या मागच्या फळीला अडकवलेल्या आउटबोर्ड इंजिनाला सहसा रेडिएटर नसतो. बोट ज्या पाण्यात चालते, तेच पाणी बुडालेल्या जाळीतून आत येते, इंजिनाभोवती फिरते आणि बाहेर पडते. ते वर चढवणारा पंप गिअरपेटीच्या डोक्यावर, उभ्या शाफ्टवर बसवलेला असतो. त्याच्या आत तळहातावर मावेल एवढा रबरी पंखा असतो, इम्पेलर. हा पंखा स्टीलच्या वाटीत मधोमध नसतो, एका कडेला सरकलेला असतो. म्हणून फिरताना पाती एका बाजूला दुमडतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात. उलगडताना पाणी ओढले जाते, दुमडताना वर ढकलले जाते.

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या शेतीच्या गावात डिझेल इंजिनावरचा पंप नवा नाही. तो आधी पाण्याने भरावा लागतो, नाहीतर पाणी धरत नाही. बोटीचा पंप पाण्यातच बुडालेला असल्याने त्याला ही तयारी लागत नाही. पण रबराला वंगण फक्त पाण्याचे. इंजिन कोरडे चालवले तर थोड्या वेळातच पात्यांच्या कडा जळतात. काठावर ‘जरा चालू होते का बघू’ म्हणून दिलेला एक हिसकासुद्धा नुकसान करू शकतो.

शहादा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्याच उत्तरेला, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या सीमेवर, सरदार सरोवराचे पाणी नर्मदेच्या खोऱ्यात पसरले आहे. महाराष्ट्रातली 33 गावे या प्रकल्पाने बाधित झाली. सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. काठच्या पाड्यांना जाण्यायेण्यासाठी बोटीचाच आधार असतो, आणि आरोग्यसेवेचा तरंगता दवाखानाही याच पाण्यावर चालतो. रुग्ण बोटीत असताना इंजिन तापून बंद पडले, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या खर्चात मोजता येत नाही.

समुद्रात मीठ पंपाचा शत्रू असते. इथे गाळ. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठाची ओली माती उघडी पडते आणि उथळात वळणारी बोट ती ढवळते. बारीक वाळू वाटीच्या आतून आणि खालच्या पट्टीवरून घासत राहते, गोल ओरखडे पडतात आणि त्यांतून दाब निसटतो. पावसाळ्यात पालापाचोळा जाळीवर चिकटतो.

बिघाडाची पहिली खूण दिसते ती इंजिनाच्या मागून निघणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेत. ती कमी झाली की पंप खोलण्याआधी धारेचे तोंड तपासावे. उभ्या राहिलेल्या इंजिनात कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते, मऊ तार घातली की ते फुटते. जाळीही पाहावी. दोन्ही मोकळी असूनही धार क्षीण असेल, तर दोष पंपात शोधावा.

खोलताना इंजिन बंद, प्लगच्या वायरी काढलेल्या. गिअर कोणत्या स्थितीत आहे हे लक्षात ठेवावे. बोल्ट सुटले की खालचा भाग सरळ खाली ओढायचा, तिरका नाही. खाली कापड अंथरलेले बरे, कारण पंख्याला शाफ्टशी बांधणारी छोटी चावी निसटली की गवतात सापडत नाही. पंखा बाहेर आला की पाती मोजावीत. एखादे तुटलेले असेल तर तो तुकडा वरच्या वाटेत गेलेला असतो, आणि तो शोधल्याशिवाय नवा पंखा घालणे व्यर्थ. पाती वाकून तशीच राहिली असतील, कडक झाली असतील, तर दिसायला धड असली तरी पंखा बदलावा. बहुतेक उत्पादक वर्षातून एकदा पाहणी सांगतात. गाळाच्या पाण्यात त्याहून लवकर करणे शहाणपणाचे.

नवा पंखा बसवताना पात्यांना साबणाचे पाणी लावतात. वाटी दाबत शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवतात, म्हणजे सर्व पाती एकाच बाजूला झुकतात. गॅस्केट नवीच. जोडताना पाण्याची नळी रबरी बुशात नीट शिरली का ते पाहणे सर्वांत महत्त्वाचे; चुकली तर पंप उत्तम असून पाणी वर जात नाही.

चाचणी पाण्याने भरलेल्या टिपाडात, जाळी पूर्ण बुडवून आणि गिअर न टाकता. धार काही क्षणांत सुरू होते. इंजिन तापल्यावर ती हाताला सोसवेल इतकी कोमट असावी. वाफाळली, तर लगेच बंद करून नळीचा जोड पुन्हा पाहावा.