गुंडाळून नेता येणारं झटका कुंपण

भुईमूग निघाला की कुंपण उचलून हरभऱ्याला लावता येतं, म्हणून मला हे फार आवडतं! स्टीलच्या बारीक तारा विणलेली प्लॅस्टिकची दोरी, हलके खांब, सोलर झटका मशीन, बस्स. मशीन साधारण सेकंदाला एकदा हजारो व्होल्टचा, पण अगदी क्षणभराचा झटका देतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही.

खरी मेख अर्थिंगमध्ये आहे. सळई ओलसर जमिनीत खोल ठोका, उन्हाळ्यात तिथे पाणी ओता. कोरड्या मातीत झटका नीट बसत नाही. रानडुकरासाठी खालची तार वीतभर उंचीवर हवी, नाकाला लागेल अशी. तारेला टेकणारं गवत कापत राहा.

आणि कळकळीची विनंती: घरची लाइन थेट तारेत कधीच सोडू नका. त्याने माणसं मरतात.