चार केल्विनची दहा वर्षं

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतला जुना डायल्यूशन फ्रिज, म्हणजे चिप निरपेक्ष शून्याच्या जवळ गोठवणारं यंत्र, कायमचा बंद केला. सेकंदाला एक-दीड पडणारा त्याच्या शीतकाचा, पल्स ट्यूबचा, ठोका थांबला आणि खोली परकी वाटायला लागली. अनुदान देणाऱ्यांना क्यूबिटचा, म्हणजे क्वांटम संगणकातल्या बिटचा, आकडा हवा असतो. गोठवणाऱ्या थंडीत ट्रान्झिस्टर कसा वागतो, हे मोजत बसणाऱ्यांसाठी पैसे उरत नाहीत.

या विषयातली माझ्याआधीची वर्षं भरभर ओलांडते. १९९८ मध्ये ब्रूस केन यांनी सिलिकॉनमधल्या फॉस्फरसच्या अणूंवर क्वांटम संगणक उभा करण्याची कल्पना मांडली. असा एक अणू क्यूबिट म्हणून वागायला २०१२ उजाडलं.

माझं दशक त्यानंतरचं. २०१५ मध्ये सिडनीच्या गटाने सिलिकॉनमध्ये दोन क्यूबिटचं गेट करून दाखवलं आणि आम्हाला तारांची चिंता लागली. क्यूबिट फ्रिजच्या तळाशी, २० मिलिकेल्विनला. त्यांना हाकणारी उपकरणं बाहेर रॅकमध्ये. प्रत्येक तारेबरोबर उष्णता खाली झिरपते. पन्नास क्यूबिटांपुरतं हे निभतं, लाखांचं काय? मग नियंत्रणाची चिपच फ्रिजमध्ये नेऊ, असं नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे एदोआर्दो शार्बों आणि फाबियो सेबास्तियानो सांगत होते. मला ते तेव्हाच पटलं. परिषदांमध्ये मात्र ज्येष्ठ मंडळी तोंडावर म्हणत, "हे नुसतं इंजिनिअरिंग, यात विज्ञान कुठे?" मी ते विसरलेले नाही.

अशी चिप आखायला कारखान्याकडून मिळणारी ट्रान्झिस्टरची मॉडेल्स उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास संपायची. त्याखाली आमचं आम्हीच चाचपडायचं. चार केल्विनला थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज, चढतं, इलेक्ट्रॉन जास्त मोकळे धावतात, खोलीच्या तापमानाला बरोबर लावलेलं सर्किट फ्रिजमध्ये गेलं की भलतंच वागतं. एकदा सिग्नल अचानक गेला. फ्रिज गरम व्हायला दोन दिवस लागले. उघडून भिंगाखाली पाहिलं, तर केसाहून बारीक ॲल्युमिनियमची एक तार पॅडवरून सुटली होती. ती पुन्हा जोडली, परत दोन दिवस थंड करण्यात गेले. अशा आठवड्यांवर ते दशक उभं होतं, आणि त्यांची नोंद कुठल्याच शोधनिबंधात नाही.

२०२० मध्ये सिडनी आणि डेल्फ्ट दोन्हीकडे क्यूबिट एक केल्विनच्या वर चालले. तिथे फ्रिजची उष्णता ओढण्याची ताकद कितीतरी जास्त असते. २०२१ मध्ये इंटेल आणि डेल्फ्टच्या 'हॉर्स रिज' चिपने तीन केल्विनवरून क्यूबिट हाकले, बाहेरच्या उपकरणांइतकेच नीट. जून २०२५ मध्ये सिडनीच्या डेव्हिड रायली यांच्या गटाने चिप थेट क्यूबिटच्या शेजारी, मिलिकेल्विनला बसवून दाखवली. तो निबंध मी दोनदा वाचला.

आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं उद्दिष्टही ५० ते १,००० क्यूबिट, असंच आकड्यात लिहिलंय. तारांचा हिशेब कोण करणार?

फ्रिज शेवटचा उघडला तेव्हा तांब्याच्या पट्टीवर आमची चिप तशीच होती. भिंगाखाली धरली. सगळ्या तारा जागेवर होत्या.