करटाळणी : नैतिक विचार

करटाळणी म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून, परंतु त्यातील सवलतींचा वा उणिवांचा आधार घेऊन आपले करदायित्व कमी करणे. उत्पन्न दडविणे, खोटे हिशेब ठेवणे यांसारख्या बेकायदेशीर मार्गांनी कर न भरणे ही करचुकवेगिरी होय व ती दंडनीय असते. करटाळणी हा गुन्हा नव्हे. मात्र जे दंडनीय नाही ते नीतीसही मान्य असते काय, हा प्रश्न तिच्यामुळे उपस्थित होतो.

कर हा संरक्षणाचा मोबदला आहे, ही कल्पना भारतात प्राचीन आहे. मात्स्यन्यायाने त्रस्त झालेल्या प्रजेने मनूला राजा केले व धान्याचा सहावा भाग त्यास देऊ केला, अशी कथा कौटिलीय अर्थशास्त्रात येते. या दृष्टीने राज्याचे लाभ घेऊन आपला वाटा न देणे हा करारभंग ठरतो. याउलट, कर ही सक्तीची वसुली असल्यामुळे कायदा मागतो त्याहून अधिक देण्यास नागरिक बांधलेला नाही, असाही एक पक्ष आहे. ब्रिटनमधील ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर खटल्यात (१९३५) त्यास न्यायालयीन मान्यता मिळाली. घरातील नोकराचे वेतन करपात्र उत्पन्नातून वजा होत नसे, करारपत्रान्वये दिलेली वार्षिकी मात्र होत असे; म्हणून ड्यूकने माळी व इतर नोकरांना वार्षिकी देऊ केली आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने ती व्यवस्था वैध ठरविली.

भारतात १९७३-७४ मध्ये आयकराचा कमाल दर अधिभारासह ९७·७५ टक्के होता. असे जबर दर हे करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण असल्याचे वांछू समितीने १९७१ मध्येच दाखवून दिले होते. अन्यायकारक दरांमुळे करदात्याचा दोष सौम्य होतो, हा युक्तिवाद येथूनच येतो. परंतु पुढे दर बरेच उतरूनही करटाळणी थांबली नाही. कर वाचविण्यासाठी हिंदू अविभक्त कुटुंबाची आंशिक वाटणी कागदोपत्री दाखविण्याची प्रथा इतकी बोकाळली, की ३१ डिसेंबर १९७८ नंतरच्या अशा वाटण्या आयकरासाठी अमान्य करणारी तरतूद करावी लागली.

मॅक्डॉवेल खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी करटाळणीचा नैतिक दोष स्पष्ट केला : चतुर सल्लागार नेमू शकणाऱ्यांचा भार प्रामाणिक व भोळ्या करदात्यांवर पडतो. तथापि २००३ मध्ये याच न्यायालयाने, वैध करनियोजनाचे तत्त्व अबाधित असल्याचे दुसऱ्या एका खटल्यात सांगितले. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण करटाळणीविरोधी नियमांनी, करलाभ हाच मुख्य हेतू असलेल्या व व्यापारी आशय नसलेल्या व्यवहारांचा करलाभ नाकारण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यांना दिला.

नैतिक निर्णय केवळ वैधतेवर किंवा वाचलेल्या रकमेवर अवलंबून नसतो. भविष्यनिर्वाह निधीत बचत करून वजावट घेणारा करदाता सवलतीचा उद्देशच सफल करतो. केवळ कागदावर व्यवहार रचणारा तो विफल करतो. पगारदाराचा कर वेतनातूनच कापला जातो आणि गरिबालाही वस्तूंच्या किंमतीतून अप्रत्यक्ष कर भरावाच लागतो. त्यांना अशी रचना उपलब्ध नसते. करटाळणीमुळे घटलेला महसूल अखेर त्यांच्याकडून वाढीव करांच्या वा अपुऱ्या सार्वजनिक सेवांच्या रूपाने वसूल होतो. शासनाची उधळपट्टी हे करधोरण बदलण्याची मागणी करण्यास सबळ कारण आहे. आपला भार गुपचूप शेजाऱ्यावर टाकण्यास मात्र नाही.