निशिगंध थंडीने नाही, ओलीने मरतो. हिवाळ्यात कंद असे जपा

गोंदिया : धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की जिल्ह्यात थंडी जोर धरते. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा बरेचदा १० अंशांखाली उतरतो. याच दिवसांत वाडीतला निशिगंध थांबतो. दांडे कमी येतात, पाने पिवळी पडतात. झाड सुकत चालले असे समजून अनेक शेतकरी पाणी वाढवतात. नुकसान तिथूनच सुरू होते.

झाड झोपते, मरत नाही

निशिगंध म्हणजे बाजारातली गुलछडी, कोणी रजनीगंधाही म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिकोचे, उबेत वाढणारे. रात्री गार झाल्या की त्याची वाढ मंदावते आणि ताकद जमिनीतल्या कंदात साठून राहते. आपल्या जंगलातली कळलावी पाहा. पावसाळ्यात वेल झाडावर चढते, हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही, पण कंद खाली जिवंत असतो. निशिगंधाचेही थोडेफार तसेच.

युरोपात हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून तिथे डेलिया, ग्लॅडिओलसचे कंद आधीच काढून घरात ठेवतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. इथला खरा शत्रू ओल आहे. झोपलेला कंद पाणी फारसे ओढत नाही, ते मातीतच साचून राहते. मग बुरशी लागते आणि कंद आतून कुजतो. वरून ते कळतही नाही.

जमीन पाहून ठरवा

सिहार किंवा बरड जमिनीत पाणी लवकर निचरते. तिथे पीक पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असेल तर कंद जमिनीतच राहू द्यावे. फक्त पाणी लांबवावे. बोटभर खोल माती उकरून पाहावी. ओल लागली तर पाणी देऊ नये. द्यायचेच तर सकाळी, हलके द्यावे. वाफ्यावर तणसाचा पातळ थर टाकला तर माती फार गार होत नाही, पण तणस कोरडी हवी.

कन्हार जमिनीत, किंवा धानाच्या बांधीला लागून असलेल्या वाफ्यात ओल बरेच दिवस टिकते. तिथे कंद काढलेले बरे. तीन वर्षांचे जुने पीकही काढावे, कारण कंदांची दाटी झाली की दांडे बारीक येतात.

काढणी आणि साठवण

पाने पिवळी पडली की पाणी बंद करावे. माती कोरडी झाल्यावर फावड्याने बाजूने खणून गड्डा उचलावा. कंदाला जखम झाली की कुज तिथूनच शिरते. माती झटकावी, कंद धुऊ नये. काही दिवस सावलीत सुकवून गड्डे फोडावेत.

एकदा फुललेला कंद पुन्हा दांडा देत नाही, त्याच्याभोवतीची पिले देतात. म्हणून २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे टणक कंद बेण्याला निवडावेत. बारीक पिले वेगळ्या वाफ्यात वाढवावीत. मऊ, काळे पडलेले कंद लांब नेऊन नष्ट करावेत.

निवडलेले कंद टोपलीत किंवा जाळीच्या पोत्यात, हवा खेळेल अशा जागी पातळ पसरावेत. प्लास्टिकच्या थैलीत भरू नये, घाम सुटतो. टिनाच्या छपराखालीही नको. मार्चनंतर तिथे भट्टी होते. आठवड्यातून एकदा खालीवर करावेत. महिना-दोन महिने आराम मिळाला की कोंब चांगला फुटतो.

एप्रिल-मे महिन्यात, पाण्याची सोय असेल तर, उंच वाफ्यावर लागवड करावी. आपल्याकडचा पाऊस पाहता सपाट वाफा धोक्याचाच. लागवडीआधी कंद बुरशीनाशकात बुडवावेत. औषध आणि प्रमाण कृषी सहायकाला किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राला विचारून ठरवावे.

ग्लॅडिओलसचे उलटे

ग्लॅडिओलसला हाच नियम लावू नये. आपल्या भागात तो थंडीतच वाढतो. त्याला हिवाळ्यात पाणी तोडले तर दांडा खुरटतो. फुले काढल्यावर पाने पिवळी होईपर्यंत थांबावे आणि मगच कंद खणावेत.

निशिगंधाच्या लागवडीत मोठा खर्च बेण्याचा असतो. कुजलेला कंद म्हणजे पुढच्या हंगामाचे बेणे गेले, आणि ते पुन्हा विकत घ्यावे लागते. म्हणून या थंडीत वाफ्याला पाणी सोडण्याआधी एक गड्डा उकरून बघावा. कंद टणक आणि पांढरा असेल तर झाड ठीक आहे, त्याला झोपू द्यावे.