वायफाय आहे, पण नेट नाही

मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, तरी पान काही उघडत नाही. असं का होतं? कारण त्या रेघा फक्त मोबाइल आणि घरातला राउटर यांच्यामधला सिग्नल दाखवतात. राउटरपर्यंत नेट पोहोचलंय की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून बिघाड बाहेरून आत येत शोधावा.

फायबरचं कनेक्शन असेल तर आधी ओएनटी बघा. तारेतून आलेल्या प्रकाशाचं नेटमध्ये रूपांतर करणारी ही डबी. बऱ्याच घरांत राउटर तिच्यातच असतो. तिच्यावरचा ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशच येत नाही. फायबर काचेची असते. सोफ्यामागे घडी पडली किंवा कपाटाखाली दबली, तरी सिग्नल जातो. अशा वेळी राउटर कितीदाही बंद-चालू केला तरी उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा. आणि सुटलेल्या टोकात डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर पुढचा टप्पा आयपी पत्त्याचा. नेटवर्कमध्ये यंत्र ओळखू यावं म्हणून त्याला दिलेला हा क्रमांक. राउटर तो आपोआप वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये तो दिसतो. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. शेजाऱ्यांकडेही तोच दिसला तर घाबरू नका, हे पत्ते घरापुरतेच असतात. मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपनं स्वतःच एक घेतलाय. पुष्कळांची गाडी इथेच अडते, कारण वायफाय जोडलेलं दिसत असतं. ते नेटवर्क काढून टाकून पुन्हा जोडा. तरीही तेच झालं, तर राउटर बंद करून चालू करा.

उरला डीएनएस. मोबाइलमध्ये आपण नाव दाबतो आणि फोन त्याचा नंबर लावतो, तसं डीएनएस संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा इंग्रजीत लिहून पुढे ८.८.८.८ द्या. हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता. उत्तरं येत आहेत, पण कुठलंच संकेतस्थळ उघडत नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून हाच पत्ता भरून बघा.

तरीही जमलं नाही, तर कंपनीला फोन करताना नुसतं ‘नेट बंद आहे’ म्हणू नका. कुठला दिवा लाल आहे, पत्ता कशानं सुरू होतो आणि पिंगला उत्तर येतं का, हे तिन्ही सांगा.